कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनचे फोटो: आधी खोडं बघा, पानं नंतर

पहिल्या वर्षी मी अमेरिकेतल्या कोलोरॅडोतून, शरदात पिवळ्या होणाऱ्या अ‍ॅस्पेनच्या झाडांचे नऊशेच्या वर फोटो घेऊन परतलो. मोठ्या स्क्रीनवर उघडले आणि चाळीस-पन्नास फोटोंनंतर बघायचाच कंटाळा आला. सगळे पिवळे. कुठं पिवळ्यावर निळं आकाश, कुठं पिवळ्यात अजून पिवळं. तिथं उभं असताना अंगावर जो काटा आला होता, तो त्या नऊशेपैकी एकाही फोटोत उतरला नव्हता.

चूक कुठं होते हे कळायला पुढचे दोन हंगाम गेले. अ‍ॅस्पेनच्या राईत शिरलं की माणूस रंगानं दिपतो आणि कॅमेरा नुसता पानांवर रोखतो. खोडं कशी उभी आहेत, ऊन कुठून येतंय, सावलीत काय दडलंय, मागं काय आहे, हे बघायचं राहून जातं. म्हणून इथं बाकी सगळं आधी आणि पिवळा रंग शेवटी, अशा क्रमानं जाऊ.

झाडाची ओळख, कामापुरती

जमिनीवर पडलेलं एक पान उचला आणि त्याचा देठ दोन बोटांत धरून फिरवून बघा. फिरणार नाही, अडेल. कारण हा देठ गोल नसून पट्टीसारखा चपटा असतो आणि पानाच्या पात्याला काटकोनात असतो. त्यामुळे जराशी झुळूक आली तरी पान दोन्ही बाजूंना लटपटतं. पिंपळाच्या पानांची सळसळ आपल्या ओळखीची आहे. अ‍ॅस्पेन त्याच्याही वरताण. पॉप्युलस ट्रेम्युलॉइडीस या शास्त्रीय नावातच थरथर आहे. फोटो काढणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: तुमच्या गालाला वारा लागत नसला तरी पानं हलतच असतात.

दुसरी गोष्ट मुळांची. अ‍ॅस्पेन बहुतेक वेळा मुळांतून फुटवे काढून पसरतो, त्यामुळे डोंगरावर दिसणारी शेकडो झाडं प्रत्यक्षात एकाच जिवाची खोडं असू शकतात. युटामधल्या फिशलेक नॅशनल फॉरेस्टमधलं ‘पांडो’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. १०६ एकरांवर पसरलेली सुमारे ४७,००० खोडं, आणि सगळी एकाच मुळाच्या जाळ्यावर. एका मुळाची सगळी झाडं साधारण एकाच वेळी आणि एकाच छटेत रंग बदलतात. समोरच्या उतारावर एक ठिगळ अजून हिरवं, शेजारचं पोपटी, त्यापलीकडचं सोनेरी आणि एखादं थेट नारिंगी दिसतं, त्याचं कारण हेच. ही ठिगळं जिथं एकमेकांना भिडतात त्या सीमा शोधायची सवय लावून घ्या. दूरच्या उताराचे माझे जे थोडे फोटो बरे आले आहेत, ते बहुतेक अशा सीमांचे आहेत.

साल पांढरी, पण नीट पाहिलं तर हिरवट झाक असलेली. सालीतही हरितद्रव्य असतं. खोडावरून हात फिरवला तर तळहाताला खडूसारखी पूड लागते. खालच्या फांद्या झाड स्वतःच टाकून देतं आणि त्या जागी काळे व्रण राहतात, थेट भुवयांसकट डोळ्यांसारखे. एकदा ते दिसले की राईभर कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय असं वाटत राहतं.

कधी जायचं

कोलोरॅडोत अ‍ॅस्पेन साधारण ७,००० ते ११,००० फूट उंचीच्या पट्ट्यात आढळतो. उत्तरेकडे, म्हणजे स्टीमबोट स्प्रिंग्ज आणि रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या बाजूला, सप्टेंबरच्या मध्यापासून रंग चढू लागतो. अ‍ॅस्पेन आणि क्रेस्टेड ब्यूट या गावांचा मधला भाग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरात येतो. नैऋत्येचे सॅन वान डोंगर सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. एकच आठवडा हातात असेल तर २५ सप्टेंबरच्या पुढचा घ्या. ते चुकलंच तर कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाची पूर्व बाजू आहे. तिथं बिशप क्रीकच्या वरच्या तळ्यांपासून सुरू झालेला रंग खाली जून लेकपर्यंत उतरेतो ऑक्टोबर निम्मा सरलेला असतो.

एका राईचा भर जेमतेम आठवडाभर टिकतो, आणि एका वादळी रात्रीत संपूही शकतो. दुष्काळी वर्षी पानं लवकर आणि फिकी पिकतात. वसंतात फार पाऊस झाला असेल तर बुरशीमुळे पानांवर काळे-तपकिरी डाग पडतात. नकाशावर आठवडे रंगवून दाखवणाऱ्या भाकितांपेक्षा खिंडींवरचे रस्त्याचे वेबकॅम बघा. कालचा खरा उतार तिथं दिसतो.

थोडं लवकर जायचं की थोडं उशिरा, असा पेच पडला तर मी लवकरच्या बाजूनं आहे. राईत थोडा हिरवा उरला असेल तर पिवळ्याला टेकायला काहीतरी मिळतं. उशिरा गेलात तर शेंडे बोडके झालेले असतात आणि उरलेल्या पानांच्या कडा करपलेल्या.

कुठं

यादी देत बसत नाही, तीन-चार जागा पुरेत.

केब्लर पास: क्रेस्टेड ब्यूटपासून पश्चिमेला १३३ क्रमांकाच्या रस्त्यापर्यंत जाणारा, बहुतांशी खडीचा, सुमारे ३० मैलांचा घाट. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या अ‍ॅस्पेनराईंपैकी एक इथं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं दोन दिवस इथंच घालवावेत असं माझं मत. राईच्या आतले फोटो आणि दूरचे डोंगर दोन्ही एकाच रस्त्यावर मिळतात. कोरड्या दिवसांत साधी गाडी चालते. भाड्याची गाडी असेल तर निघण्यापूर्वी जादा चाक मात्र तपासा. माझ्या गाडीतल्या जादा चाकात हवाच नव्हती, हे मला खिंडीत कळलं, जिथं फोनला रेंजचा पत्ता नव्हता. सकाळचं सगळं ऊन मी मदतीची वाट बघत घालवलं.

डॅलस डिव्हाइड: रिजवे आणि प्लेसरव्हिल यांच्यामधल्या ६२ क्रमांकाच्या रस्त्यावर. समोर दक्षिणेला माउंट स्नेफेल्सची रांग, खाली अ‍ॅस्पेननं भरलेले उतार. डोंगर दक्षिणेला असल्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी ऊन बाजूनं येतं आणि प्रत्येक वळी उठून दिसते. कुंपणापलीकडची बरीच जमीन खासगी आहे. रस्त्याकडेनंच काढा, टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असली की आत शिरायची गरजही पडत नाही.

युरे ते सिल्व्हरटन हा ५५० क्रमांकाचा ‘मिलियन डॉलर हायवे’ फार देखणा, पण कित्येक ठिकाणी त्याला कठडाच नाही. गाडी चालवणाऱ्यानं फोटोच्या जागा शोधू नयेत. ते काम शेजारच्याला द्यावं.

मरून बेल्स: तळं, त्यात उलटे पडलेले दोन लालसर सुळके, कडेला अ‍ॅस्पेन. सुळक्यांवर पहिलं ऊन पडतं, त्यामुळे वेळ पहाटेची. हंगामात तिथं जायला गाडीचं किंवा शटलचं आरक्षण आधी करावं लागतं आणि फॉलमधले (पानगळीच्या हंगामातले) दिवस झपाट्यानं भरतात. अंधारात पोहोचलात तरी काठावर ट्रायपॉडांची रांग लागलेली असेल. एकदा जरूर जा. तिथला तोच फोटो हजारो जणांकडे आहे हे माहीत असूनही मी दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा आवडलेला फोटो तळ्याकडे पाठ करून काढलेला निघाला.

पिशवीत काय

सगळ्यात जास्त वापरली जाणारी लेन्स ७०-२०० मिमीची. राईच्या आतल्या खोडांपासून समोरच्या उतारापर्यंत ती पुरते. दुसरी २४-७०. त्याहून रुंद लेन्स असली तर बरी, नसली तर अडत नाही. दूरच्या उतारांचं वेड असेल तर १००-४००.

मजबूत ट्रायपॉड, रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर, पोलरायझर (लेन्सवर फिरवून चकाकी कापणारी काच), आणि लेन्सचं हूड (तिरपं ऊन अडवणारी कड). हे हूड लोक पिशवीतच ठेवतात, आणि अ‍ॅस्पेनचे निम्मे चांगले फोटो उन्हाकडे तोंड करून काढायचे असतात. जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. सप्टेंबरअखेरीस १०,००० फुटांवर पहाटे पारा शून्याखाली जातो आणि थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. थंडीतून उबदार गाडीत शिरताना कॅमेरा आधी पिशवीत बंद करा, नाहीतर काचेवर दव धरतं.

आदल्या दिवशी फिरून बघा

फॉलचा भर आणि शरदसंपात (दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस) जवळजवळ एकाच वेळी येतात, त्यामुळे सूर्य जवळपास थेट पूर्वेला उगवतो आणि थेट पश्चिमेला मावळतो. ॲप नसलं तरी साध्या होकायंत्रावर उद्याचं ऊन कुठून येईल ते कळतं. त्या दिवसांत तिथं सूर्योदय सकाळी सातच्या आसपास, सूर्यास्त संध्याकाळी सातच्या आसपास. पण घळीत ऊन उतरायला डोंगराच्या उंचीप्रमाणे तास-दीड तास जास्त लागतो. आदल्या दिवशी त्या जागी कितीला ऊन आलं ते टिपून ठेवा.

दुपारच्या रखरखीत उन्हात मी ही पाहणी करतो, कॅमेरा गाडीत ठेवून. राईभोवती एक पूर्ण फेरी मारायची. झाडं कुठं दाट, कुठं विरळ, कुठल्या बाजूनं मागं गर्द सूचिपर्णी झाडं येतात, एखादं वेगळं खोड कुठं आहे, एवढं बघायचं. त्या गर्द हिरव्या झाडांचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. उन्हात न्हालेल्या अ‍ॅस्पेनमागं सावलीतलं स्प्रूस आलं की पांढरी खोडं अशी उठतात की पानांकडे नजर नंतर जाते.

राईच्या आत

इथं घाई करू नका. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं नुसतं उभं राहा.

मग कॅमेऱ्याचा प्रीव्ह्यू कृष्णधवल करा. फाइल रॉ (सेन्सरवरची कच्ची नोंद) असेल तर रंग कुठंही जात नाहीत, फक्त मागचा पडदा काळापांढरा होतो. १९५८ साली उत्तर न्यू मेक्सिकोत अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनी काढलेले अ‍ॅस्पेनचे गाजलेले फोटो कृष्णधवलच आहेत. पिवळी पानं त्यांत जवळजवळ पांढरी होऊन अंधाऱ्या राईत पेटल्यासारखी दिसतात. रंग काढून घेतला की फ्रेममध्ये काय उरतं हे पडदा लगेच सांगतो. राखाडी चिवडा उरला तर तिथं फोटो नाही, पुढं चला. खोडांची ओळ, उजेडाचा पट्टा, अंधाराचा कोपरा असं काही उरलं तर ट्रायपॉड उघडा.

आता खोडं. त्यांच्यातल्या फटी मोजायच्या. दोन खोडं एकमेकांवर चढून एक जाड खोड झाल्यासारखी दिसत असतील तर अर्धं पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका, फट उघडते. एक फट उघडली की दुसरी मिटते, म्हणून हा खेळ बराच वेळ चालतो. मी एका जागी पाऊण तास असा खेकड्यासारखा आडवा सरकत होतो. मागून येणाऱ्या एका आजोबांनी काही हरवलंय का म्हणून विचारलं.

सगळी खोडं सारखी असतील तर चित्र भिंतीवरच्या कागदासारखं सपाट होतं. एखादं तिरकं झाड, एखादं वाकलेलं कोवळं रोप, पानं अजून हिरवी असलेलं एखादं पोर शोधा. बर्फाच्या ओझ्यानं बुंध्याशी वाकलेली आणि मग पुन्हा सरळ वर गेलेली खोडं उतारांवर बरीच सापडतात. अशी पाच-सहा एकत्र मिळाली तर दिवस सत्कारणी लागला.

शटर दाबण्यापूर्वी चारही कडांवरून नजर फिरवा. कडेला उभं चिरलेलं खोड असेल तर ते पूर्ण आत घ्या किंवा पूर्ण बाहेर काढा. वर पानांच्या फटींतून पांढरं आकाश डोकावत असेल तर लेन्स थोडी खाली करा. असं एक पांढरं भोक सगळी नजर खेचून घेतं. खाली आडवी पडलेली ओंडकी आणि काटक्या असतील तर फ्रेम त्यांच्या वर सुरू करा. खोडांचे बुंधे दाखवलेच पाहिजेत असं नाही.

कॅमेरा सपाट ठेवा. लेन्स वर उचलली की खोडं वर एकत्र येऊ लागतात. थोडं कललेलं दिसलं तर ती चूक वाटते, हेतू वाटत नाही. उंच खोडं सरळ हवी असतील तर मागं सरका आणि टेलिफोटो वापरा, किंवा उतारावर थोडं वर चढून खोडांच्या मध्यावर कॅमेरा आणा. पार जमिनीवर आडवं पडून, रुंद लेन्सनं थेट वर बघत खोडं एका बिंदूत मिळवायची असतील तर गोष्ट वेगळी. तो फोटो सगळेच काढतात. तुम्हीही काढा आणि मोकळे व्हा. सूर्य एखाद्या खोडाच्या कडेला अर्धा लपवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) लहान, एफ १६ करा, म्हणजे किरणांचा तारा उमटतो.

खोलीचं गणित एकदा करून ठेवा. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमी, एफ ११, आणि फोकस ३० मीटरवरच्या खोडावर. तर साधारण २४ ते ४० मीटरमधलं सगळं टोकदार येतं. म्हणजे सोळा मीटरांची राई. तेवढी पुरते. पुढचं एखादं खोड पाच मीटरवर असेल तर मात्र ते धूसर होणार. ते फ्रेममधून काढा. अनेक फोकसचे फोटो जोडायची युक्ती इथं फसते, कारण प्रत्येक फोटोत पानं वेगळ्या जागी असतात.

उजेड

ढगाळ दिवशी राईच्या आत जा, आणि निरभ्र दिवशी कडेला उभे राहून उन्हाकडे तोंड करा. इतकं सोपं सूत्र नेहमी चालत नाही, पण सुरुवातीला याच्याइतकं उपयोगी दुसरं मला सापडलेलं नाही.

ढगाळ उजेडात खोडांवर चट्टेपट्टे पडत नाहीत आणि पानांचा रंग एकसारखा भरतो. फ्रेममध्ये आकाश मात्र घेऊ नका. पाऊस पडून गेला असेल तर धावत जा. ओली साल गडद होते, तिच्यातली हिरवट-करडी झाक वर येते.

निरभ्र सकाळी सूर्य समोर किंवा समोरच्या कोपऱ्यात ठेवा. पान पातळ असतं, ऊन त्यातून आरपार येतं आणि पान कंदिलाच्या कागदासारखं उजळतं. तेच पान उन्हाकडे पाठ करून बघा, चकाकतं पण निर्जीव दिसतं. माझे त्या पहिल्या वर्षीचे नऊशे फोटो जवळजवळ सगळे उन्हाकडे पाठ करूनच काढलेले होते. समोरून ऊन घेताना हूड लावा, तरी भागलं नाही तर टोपीची सावली लेन्सवर धरा. अशा वेळी पोलरायझर काढून ठेवा. त्याचा उपयोग थोडा आणि चमक वाढवायचा त्रास जास्त.

पोलरायझरचं खरं काम ऊन बाजूनं असताना. तर्जनी सूर्याकडे रोखा आणि अंगठा काटकोनात ताठ ठेवून हात फिरवा. अंगठा दाखवेल त्या दिशांना परिणाम सगळ्यात जास्त. पानांवरची पांढरी चकाकी जाते आणि खालचा रंग दिसतो. त्या उंचीवर आकाश मुळातच गडद निळं असतं. पोलरायझर पूर्ण फिरवला तर ते काळपट होतं आणि रुंद लेन्सवर एका कोपऱ्यात गडद, दुसऱ्यात फिकं असं ठिगळ पडतं. पूर्ण फिरवून मग थोडं मागं या. त्यानं दीड-दोन स्टॉप उजेड खाल्ला जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हे वाऱ्याच्या दिवशी लक्षात ठेवा.

सूर्य मावळल्यावर लोक ट्रायपॉड मिटून निघतात. तेव्हा पंधरा मिनिटं थांबा. अंधारू लागलेल्या राईत पांढरी खोडं उरलासुरला उजेड धरून ठेवतात, पिवळा मऊ होतो आणि वाराही बऱ्याचदा पडलेला असतो. माझा सध्याचा आवडता फोटो अशाच वेळी, आठ सेकंदांच्या एक्सपोजरनं आला आहे.

एक्सपोजर: लाल रंगाकडे लक्ष

पिवळा म्हणजे कॅमेऱ्यासाठी लाल आणि हिरवा यांची बेरीज, निळा जवळजवळ नाही. उन्हात पेटलेल्या पानांत लाल चॅनल सगळ्यात आधी भरून वाहतो. नेहमीचा एकरंगी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तेव्हाही ठीकच दिसतो. घरी आल्यावर पानांच्या जागी शिरा नसलेले सपाट पिवळे ठिपके मिळतात. म्हणून तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजव्या भिंतीला चिकटला की एक्सपोजर एक तृतीयांश स्टॉपनं उतरवा. हा हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो, त्यामुळे कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल ‘न्यूट्रल’ ठेवा. ‘व्हिव्हिड’ ठेवली तर तो उगाच घाबरवतो.

ढगाळ राईत उलटं होतं. पांढरी खोडं आणि उजळ पानं बघून मीटर फोटो काळवंडून टाकतो. तिथं अर्धा ते पाऊण स्टॉप वाढवा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. सगळी फ्रेम पिवळी दिसली की ऑटो तो पिवळा मारायला निघतो आणि प्रत्येक फोटोत वेगळा मारतो. ‘डेलाइट’वर कायम ठेवा. निळ्या आकाशाखाली सावलीत खोडं निळसर येतील. ती तशीच राहू द्या, निदान घरी पोहोचेपर्यंत. पिवळ्या पानांशेजारी ती निळी झाक मला तरी हवीच असते.

वारा

सकाळी ऊन तापेपर्यंत हवा स्थिर असते, मग डोंगरउतारांवरून वारा सुटतो. दूरची पानं गोठवायची तर १/२५० सेकंद, जवळची असतील तर १/५०० लागतं. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करायला कचरू नका. थोडा कण चालेल, हललेली पानं नाही चालणार. उजेड कमीच असेल तर १/१५ वर एका दमात पंधरा-वीस फोटो घ्या. वाऱ्याच्या दोन झुळकांमध्ये एखादा क्षण सगळं थांबतं, त्यातला एक फोटो हाती लागतो.

वारा अगदीच ऐकत नसेल तर त्याला कामाला लावा. पोलरायझर चढवून दोन ते चार सेकंद द्या. खोडं जागेवर ताठ, पानांचा धूर. खोडही हलत असेल तर हा खेळ जमत नाही, म्हणून जुनी जाड झाडं निवडा. दुसरा प्रकार: ट्रायपॉड सोडा, १/४ सेकंद ठेवा आणि शटर उघडं असताना कॅमेरा सरळ वरून खाली न्या. खोडांच्या उभ्या रेघा राहतात, बाकी सगळं वाहून जातं. पन्नासातला एखादा येतो. पण दुपारच्या निकम्म्या उजेडात वेळ बरा जातो.

समोरचा उतार

रुंद लेन्सनं सगळा डोंगर घेतला की प्रत्यक्षातला दोन हजार फुटांचा उतार पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो. २०० किंवा ४०० मिमीनं त्याचे तुकडे करा: दोन राईंची सीमा, पिवळ्यातून वर घुसलेली स्प्रूसची एक टोकदार रांग, ढगाच्या फटीतून सरकत जाणारा उन्हाचा चट्टा. त्या चट्ट्यासाठी फ्रेम आधी लावून ठेवायची आणि वाट बघायची. मागं डोंगर उन्हात आणि पुढची राई सावलीत असेल तर वेगवेगळ्या एक्सपोजरचे दोन फोटो घ्या, पण ते हातानंच जोडा. आपोआप जोडणारं सॉफ्टवेअर हललेल्या पानांची भुतं करून ठेवतं.

सप्टेंबरअखेरीस रात्रीत पहिलं बर्फ पडलं तर पहाटेच निघा. पिवळ्या पानांवरचं बर्फ ऊन चढताच ठिबकून संपतं.

आता पिवळा

घरी संगणकावर पहिला हात सॅच्युरेशनकडे (रंगाच्या भडकपणाकडे) जातो. तो आवरा. पिवळा आधीच भरलेला आहे. आणखी ओढला की पानांच्या शिरा, कडा, पुढची-मागची पानं सगळी एका लगद्यात विरघळतात, आणि छापायला दिलं की आणखी बिघडतं. त्याऐवजी फक्त पिवळ्याची उजळता जराशी खाली आणा. रंग दाट होतो आणि पोतही राहतो. पिवळा नारिंगीकडे ढकलू नका. अ‍ॅस्पेनचा खरा पिवळा लिंबाच्या बाजूचा असतो, आणि नारिंगी झाडं मुळात थोडी असतात म्हणूनच ती दिसली की जीव हरखतो. खोडांची निळाई फारच असेल तर निळ्या रंगाचं सॅच्युरेशन निम्म्यानं उतरवा. पूर्ण काढलं तर खोडं प्लास्टरची दिसतात.

काम झाल्यावर स्क्रीन बंद करा, चहा घेऊन या आणि पुन्हा बघा. पिवळ्याला डोळा फार लवकर सरावतो.

राईत वागताना

अ‍ॅस्पेनची साल पातळ असते. तिच्यावर नाव कोरलं की त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि झाड मरू शकतं. सिएरा नेवाडाच्या डोंगरांतल्या आणि नेवाडा राज्यातल्या राईंत जुन्या बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेल्या) मेंढपाळांनी कोरलेली नावं, चित्रं आजही दिसतात. त्यांचे फोटो काढा, भर घालू नका. नॅशनल पार्कांत आणि ‘विल्डरनेस’ म्हणून राखलेल्या भागांत ड्रोनला बंदी आहे. मरून बेल्सचा बराच परिसर असा राखीव आहे.

हाच काळ तिथं शिकारीच्या हंगामाचा आणि एल्क हरणांच्या माजाचाही. पहाटे राईतून शिट्टीसारखी लांब आरोळी आली तर तो नर एल्क समजा आणि दूर राहा. अंगात भडक नारिंगी जाकीट घाला. १०,००० फुटांवर पहिल्या दिवशी डोकं दुखणं नेहमीचं आहे, म्हणून पाणी पीत राहा आणि पहिल्याच पहाटे मोठी चढण अंगावर घेऊ नका. दुपारी काळे ढग जमले की उघड्या कड्यावरून खाली या. धातूचा ट्रायपॉड खांद्यावर घेऊन विजेत उभं राहायचं नसतं.

निघताना एक छोटी वही काढा आणि लिहा: तारीख, उंची, रस्त्याचं वळण, कुठलं ठिगळ किती पिकलं होतं. सगळा हंगाम आठवडाभर पुढंमागं होऊ शकतो, पण राईंचा आपसातला क्रम फारसा बदलत नाही. यंदा जी आधी पिकली ती पुढच्या वर्षीही बहुधा शेजारणीच्या आधीच पिकते. माझ्या वहीतली एक नोंद अशी: ‘२६ सप्टेंबर, केब्लर, खिंडीच्या पश्चिमेचं दुसरं मोठं वळण. खालची राई अजून हिरवी, वरची संपत आलेली. वाकलेली सात खोडं, मागं स्प्रूस. ऊन ८.४० ला येतं. पुढच्या वेळी चार दिवस उशिरा, ढग असतील तर.’